बर्गहोफर्स पासवरची किल्ली

माउंट व्हिक्टोरिया स्टेशनबाहेर मी एकटीच उभी. मराठी मंडळाची माणसं घाटात चालायला केव्हाच निघून गेलेली. तेवढ्यात एक गाडी थांबली.

"तूही लेट? मी यतीन. क्वेकर्स हिलहून आलोय."

"मैथिली, टूनगॅबीहून. आणि मी लेट नाही, ट्रेन लेट."

तो हसला... आणि मी कामातूनच गेले. सोमवारी मी डार्विनला चालले होते, हॉस्पिटलच्या नोकरीवर, दोन वर्षांसाठी. कुणी आवडायला मला हीच वेळ सापडली होती.

बर्गहोफर्स पास या जुन्या घाटाच्या माथ्यावर गाडी लावून त्याने किल्ली माझ्या हातात कोंबली. "ठेव ना सॅकमध्ये." आपल्याकडच्या पुरुषांची रीतच ही, द्यायचं आणि विसरून जायचं.

घाट मात्र देखणा. भुरभुर पाऊस, निलगिरीचा ओला वास, कड्यावरून ठिबकणारं पाणी. पाटी वाचत यतीन म्हणाला, "जुन्या मोटारींना सरळ चढ झेपायचा नाही, म्हणून हा वळणांचा रस्ता काढला."

"तुझंही तसंच दिसतंय. बोलायचंय भलतंच, आणि बोलतोयस मोटारींवर."

त्याचे कान लाल झाले. "नाही गं... असंच."

मंडळ काही गाठता आलं नाही. खाली जाऊन आम्ही परत वर आलो, तर हा खिसे चाचपतोय. "किल्ली पडली वाटतं!" मीही साफ विसरले होते. पुन्हा उतरायला लागलो.

पहिल्याच वळणावर पाण्याची बाटली काढताना डब्याखाली किल्ली हाताला लागली. सांगणार होते, देवाशप्पथ. पण तो गुडघ्यांवर बसून नेच्याची पानं बाजूला करत म्हणाला, "सॉरी हं, तुला उशीर होतोय... पण खरं सांगू? मला वाईट वाटत नाहीये."

मी गुपचूप सॅकची चेन लावली.

तळाशी तो एका दगडावर बसला. काडीने बुटांवरचा चिखल खरवडू लागला.

"मैथिली... तू मला आवडतेस. सोमवारी जाणारेस, गाडीत सांगितलंस तू. तरी सांगतो."

मी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

"कुठे सापडली?"

"पहिल्या वळणावर."

"आणि मी घाटभर चिखल उपसतोय?"

"मला हे ऐकायचं होतं," मी म्हटलं. "मलाही तू आवडतोस."

सोमवारी एअरपोर्टवर सोडायला तोच आला. बॅग उतरवली आणि गाडीची दुसरी किल्ली माझ्या हातात कोंबली.

"ठेव ना सॅकमध्ये," तो म्हणाला. "या वेळी विसरत नाही. घ्यायला डार्विनला येतोय."