ललितच्या वाट्याचे रोट

“मावशी, खरं सांगा... तीन दिवसांत काय काय खाल्लं?”

डॉक्टर स्वप्नालीने तिसऱ्यांदा विचारलं आणि शहाद्याच्या दवाखान्यात खाटेवर पडलेल्या धनुबाईने तिसऱ्यांदा भिंतीकडे तोंड फिरवलं. उत्तर दिलं ते तिच्या नवऱ्याने, मगनने. “काय खाई ती? दादरनी भाकर आनि गिलकानी भाजी! बारा वरीस पासून साखर शे, इतलं तर समजस तिले!”

रक्तातली साखर चारशे बारा. गोळ्या-इन्सुलिन वेळेवर, ताप नाही, जखम नाही, खाणं ठीक... मग चढली कशाने? “इन्सुलिन वाढवावं लागेल,” म्हणत डॉक्टरने पेन टेकवलं आणि ती थांबली. “काका, जरा बाहेर बसता? काही प्रश्न एकटीला विचारायचेत.”

“लगीनले चाळीस वरीस व्हयनात. आते काय लपाडानं ऱ्हायनं?” कुरकुरत मगन बाहेर गेला.

“मुलं किती?”

“एक. ललित.”

“बाळंतपण घरी की दवाखान्यात?”

“बाळंतपण नही व्हयनं, बाई...”

पेन थबकलं. धनुबाईचं अंतःकरण भरून आलं. लोणखेड्याच्या त्या घरात ती नवरी म्हणून आली तेव्हा सासू नुकतीच गेली होती आणि धाकटा दीर ललित होता दीड वर्षाचा. मेंदीच्या हातांनी तिने त्याला कडेवर घेतलं, आणि पुढे स्वतःची कूस रिकामी राहिली तरी कडेवरचं ते वात्सल्य कधी रितं झालं नाही! सहा वर्षांपूर्वी विहिरीच्या वाट्यावरून दोघे भाऊ भांडले. ललित बायको-मुलाला घेऊन खापर गावी निघून गेला आणि मगनने बजावलं, या घरात त्याचं नाव निघायचं नाही.

“श्रावणमा कानबाई देवीना प्रसादना रोट करतस, त्यासले,” ती हळूच म्हणाली, “घरना दर पुरुषना नावनी सव्वा मूठ गहू लेतस. मी ललितना आनि त्याना पोऱ्याना नावनी चोरीसन टाकस... दर साल. ते रोट भाऊबंदकीबाहेर देता येत नही, फेकता येत नही, पुनीमना आत सरना पाहिजेत. भाऊबंदकीनी सुगंधाबाई काकी मन्हासंगे खायेत. औंदा ती बी मरी गयी...”

“म्हणजे तुम्ही एकट्याच...?”

“खीरमा चुरीसन.”

डॉक्टरने डोसचा आकडा खोडला. “मावशी, तो डोस घेऊन तुम्ही घरी गेला असता आणि रोट संपल्यावर साखर इतकी उतरली असती की झोपेतून उठला नसता. काकांना मी काही सांगणार नाही. पण उरलेले रोट तुम्ही खायचे नाहीत.”

चार रोट उरले होते. पौर्णिमा परवा. खाल्ले तर जीव जायचा, न खाल्ले तर ललितचा वाटा मातीत जायचा! धनुबाईने डोळे पुसले. “त्यासले बलाव, बाई. मीच सांगस.”

मगन आला. तिने सगळं सांगितलं आणि हात जोडले. “मले काय बोलनं ते बोला... पन त्याना वाटा मातीमा जाऊ देऊ नका!”

मगनने खाटेचा लोखंडी दांडा घट्ट धरला.

“सहा वरीस... मन्हा डोयासमोर, आनि मले पत्ता नही!” त्याचा आवाज फाटला. खिशातून मोबाइल काढून तो तसाच थांबला. “नंबर नही मन्हाजोडे...”

धनुबाईने दहाही आकडे न अडखळता सांगितले.

“ललित? मी मगन... तुन्ही भाभी दवाखानामा शे. घाबरू नको, जीवले धोका नही. तुन्हा वाटाना रोट खाई खाईसन पडनी ती! आते तू ये आनि तुन्हं तू खाय. पोऱ्याले बी आन.” मग तो पुटपुटला, “विहीरनं मी चुकनू, भाऊ...”

पलीकडून हुंदके ऐकू येऊ लागले. मगनने मोबाइल धनुबाईच्या कानाला लावला.

“रडू नको रे,” ती म्हणाली. “खापरहून साडेचारनी यष्टी शे. पोऱ्याले खिडकीजोडे बसाड.”