आतून माझाच आवाज आला

लोकांना वाटतं, असले प्रकार फक्त रात्रीच होतात.

माझ्या बाबतीत घडलं ते भर दुपारी. रविवार होता, डोक्यावरचा पत्रा तापलेला आणि मी पूर्ण शुद्धीत होतो. पटलं तर ठीक, नाहीतर सोडून द्या. पण माझ्या डाव्या हाताची दोन बोटं गेली आहेत. ती कशी गेली हे सांगताना मी एक शब्दही पदरचा घालणार नाही.

मी आणि माझा थोरला भाऊ एका भंगाराच्या यार्डात कामाला होतो. जुन्या टाक्या, बॉयलर, ट्रकचे सांगाडे... प्लाझ्मा कटरने कापून तुकडे करायचे. वीज आणि दाबाची हवा, या दोन गोष्टींवर त्या कटरची टॉर्च, म्हणजे हातात धरायचं टोक, लोखंड लोण्यासारखं कापते. माणसाचं तर विचारूच नका.

दादा यातला उस्ताद. मला त्यानेच शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, ओरडून ओरडून डोक्यात घुसवलं. मेन स्विच पाडल्याशिवाय नोझलला हात लावायचा नाही. ओले हातमोजे घालायचे नाहीत. काळ्या काचेशिवाय ठिणगीकडे बघायचं नाही.

आणि सगळ्यात वरचा नियम... बंद टाकी कापायची नाही. कधीच नाही.

"झाकण उघडायचं, आतून धुवायची, पाणी भरायचं, मगच टॉर्च," दादा म्हणायचा. "नाहीतर तुला गोळा करायला मला झाडू आणावा लागेल."

त्या दिवशी यार्डात आम्ही दोघंच होतो. मालकाला थिनरची एक जुनी टाकी घाईने कापून हवी होती. ट्रकएवढी लांब, आडवी पडलेली. झाकणाचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. आम्ही त्यांच्यावर तेल सोडलं आणि भिजू दिलं. दादाने तोवर टॉर्चचं झिजलेलं नोझल बदलून घेतलं आणि मशीन चालू करून ठेवलं. मी शेडमागे कॉम्प्रेसरमध्ये साचलेलं पाणी सोडायला गेलो.

परत आलो तर दादा टाकीला कान लावून उभा.

चेहरा पांढराफटक.

"दादा, काय झालं?"

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. पत्र्यावर बोटाने दोनदा ठोकलं.

आतून उत्तर आलं...

टक. टक.

"उन्हाने पत्रा वाजतोय रे," मी म्हणालो.

आणि आतून कुणीतरी बोललं.

"दादा... लवकर काप. श्वास कोंडतोय माझा..."

फोनमध्ये स्वतःचा आवाज ऐकला की कसा परका वाटतो? अगदी तसा.

पण तो माझाच होता.

मी तोंडही उघडलं नव्हतं.

दादा सावकाश वळला. "तू कोण?"

"असं काय करतोस? मी छोट्या."

"छोट्या आत आहे."

"दादा, झाकण बघ! एकही बोल्ट हललेला नाही. आत जाईल कोण?"

आत हुंदके सुरू झाले. लहानपणी मार खाल्ल्यावर मी रडायचो ना... तसेच, नाक ओढत.

"दादा, त्याचं ऐकू नकोस. त्याने माझे कपडे घातलेत."

दादाने हातोडा उचलला.

मला वाटलं, तो टाकीवर मारेल. हातोडा माझ्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आधी ऐकू आला, कळ नंतर आली. मी खाली पडलो तसा दादा माझ्या छातीवर गुडघा रोवून बसला. दोन्ही हातांनी गळा धरला. ज्या माणसाने मला सायकलवरून शाळेत सोडलं, तो माझं डोकं जमिनीवर आपटत होता.

"काय केलंस त्याचं? बोल! काय केलंस माझ्या भावाचं?"

तोंडात रक्त आलं. एक दात जिभेवर सुटा झाला. उजव्या हाताला लोखंडी पट्टी लागली, ती मी जीव खाऊन त्याच्या कानशिलावर मारली. दादा कोलमडला. अर्धा चेहरा लाल झाला.

पण तो उठला. आणि माझ्याकडे आलाच नाही.

तो टॉर्चकडे गेला.

टाकीत जुन्या थिनरची वाफ कोंडलेली. एक ठिणगी पुरली असती. मी धडपडत भिंतीशी गेलो आणि मेन स्विच पाडला. मशीनचा पंखा थांबला. कॉम्प्रेसर गप्प झाला. भरवसा नको म्हणून हवेची नळीही उपटून काढली. आता ना वीज, ना हवा. दादाच्या हातात टॉर्चची नुसती मूठ होती.

दादाने नोझल पत्र्याकडे नेलं. खटका दाबला.

आणि ती पेटली...

निळीपांढरी. डोळे जाळणारी.

प्लाझ्मा किंचाळतो, कान फाडतो. ही ज्योत मुकी होती. आवाज होता तो फक्त आतला... टक टक टक टक... घाईघाईने, अधाशासारखा.

विचार करायला वेळच नव्हता. मी डावा हात मध्ये घातला.

हातमोज्याचं चामडं, मांस, हाड... सगळं एकदमच गेलं. दोन बोटं जमिनीवर पडलेली मी पाहिली. मी किंचाळलो.

त्याच क्षणी आतूनही किंचाळी आली. तशीच. तेवढीच.

माझा श्वास संपला, मी थांबलो.

आतली थांबली नाही...

मग ज्योत आपोआप विझली. दादाने माझ्याकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. आणि मटकन खाली बसून ढसाढसा रडू लागला.

आम्ही सगळ्यांना अपघात झाला म्हणूनच सांगितलं. दुसऱ्या दिवशी यार्डातल्या माणसांनी हातकरवतीने बोल्ट कापले, झाकण उघडलं, वाफ जाऊ दिली, बॅटरीचा झोत पाडून पाहिलं. आत कुणी नव्हतं. काळा गाळ, त्यावर पावलाचा एकसुद्धा ठसा नाही.

दादाने स्वतः डोकं आत घालून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

त्यानंतर तो पुन्हा माझ्यावर कधी धावून आला नाही. उलट रोज माझ्या हाताची पट्टी बदलायचा, औषधं आणायचा. पण मला छोट्या म्हणणं त्याने सोडलं. वहिनी एकदा हळूच म्हणाल्या, "भाऊजी, हे ताटावरून उठतात हो. म्हणतात, तो आत उपाशी असेल."

मी एके संध्याकाळी विचारलंच, "दादा, माझ्यावर राग आहे का?"

त्याने पट्टीची गाठ नीट मारली.

"नाही. तू चांगला आहेस," तो म्हणाला. "जो कुणी आहेस तो."

मालकाने ती टाकी न कापताच विकून टाकली. ज्या सकाळी ट्रक ती घेऊन निघाला, त्या सकाळी मी यार्डाच्या फाटकात उभा होतो. दादा कुठून तरी अनवाणी धावत आला आणि ट्रकच्या मागे पळत सुटला.

"छोट्याऽऽ! अरे छोट्याऽऽ!"

सवयीने मी ओ द्यायला तोंड उघडलं. घशातून आवाजच फुटला नाही.

पण ओ आली.

ट्रकवरून... रिकाम्या टाकीतून... घुमत, लांब लांब जात.

दादा रस्त्याच्या मधोमध थांबला. वळून त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी कुणाला सांगू शकत नाही.

आजही मागून कुणी हाक मारली तर मी लगेच ओ देत नाही. आधी थांबतो.

दुसरं कुणी देतंय का, ते ऐकतो...