ओडेटच्या चादरीची गाठ

एल्डन गुस्टाफसनचं दुकान संध्याकाळी बंद होतं, पण त्याची शेगडी बंद होत नाही. पेंड, खिळे, बूट, मीठ आणि गप्पा असा माल त्याच्याकडे बाराही महिने मिळतो. गप्पा फुकट. त्या रात्री वाऱ्याने शेतातला बर्फ उडवून हमरस्त्यावर आणून टाकला होता, रस्ता बंद होता, आणि वरच्या खोल्यांतले दोन भाडेकरू शेगडीपाशी येऊन बसले होते. मारिसोल आणि ट्रॅव्हिस. दोघंही फिरते नर्स. एजन्सी सांगेल त्या गावी तीन महिने, मग बॅगा उचलून पुढचं गाव.

“आजची रात्रपाळी बुडाली,” ट्रॅव्हिस हात शेकत म्हणाला. “उद्यापासून सगळ्या रात्री घेतो म्हणून सांगितलंय एजन्सीला.”

“झोपणार कधी?”

“मेल्यावर.”

एल्डन हसला नाही. एरवी असल्या बोलण्यावर तो पहिला हसायचा. त्याने कॉफीची किटली शेगडीवर सरकवली आणि म्हणाला, “ओडेटही असंच म्हणायची.”

“ही कोण?” मारिसोलने विचारलं.

“तू झोपतेस त्या खोलीत होती. तुझ्याआधी.”

मग त्याने सांगितलं. त्याने सांगितलं तसंच हे आहे, पदरचं काही नाही.

गेल्या जानेवारीतली नऊ तारीख, गुरुवार. दिवस मावळताना ओडेट ब्रूसार जिना उतरून दुकानात आली. पोरगी लुइझियानाची, दलदलीच्या मुलखातली. इथे येईपर्यंत तिने बर्फ पाहिला तो सरबतात. अंगावर ड्यूटीचे निळे कपडे, वर एल्डनकडूनच घेतलेला पुरुषी कोट.

“जाड काळा पडदा आहे का? खिडकीला हवाय.”

“का? कोण गेलं?”

“झोप गेली. दिवसा डोळ्यावर ऊन येतं.”

“पडदा नाही. काळं प्लास्टिक आहे. त्याने इथे मुरघास झाकतात, गुरांचा चारा आंबायला.”

“चालेल. मीही महिनाभर आंबतेच आहे.”

एल्डनने प्लास्टिक कापून दिलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. दुकानात उभं आयुष्य गेलेल्याला गिऱ्हाईक किती थकलंय ते कळतं. ती सुटे पैसे चुकीचे देत होती आणि चुकतंय हे तिला समजत नव्हतं.

“आज तरी नको जाऊस, पोरी.”

“आजची शेवटची.”

“काल काय होती?”

“कालही शेवटचीच होती.” ती हसली. “एजन्सीवाली गोड बोलते हो. माझं तोंड नाही म्हणायला वळतच नाही.”

“बरं, मग एक कर. परत आलीस की जिन्यातला दिवा मालव. खालून मला दिसतं.”

“दिसून काय होईल?”

“आलीस हे कळेल.”

ओडेट दारातून वळली. “किती गावं झाली,” ती म्हणाली, “पोचलीस का, हे कुणी विचारलं नव्हतं.” आणि गेली.

हॉस्पिटल वीस मैलांवर. तिथे फिरत्या नर्सच्या वाट्याला काय येतं ते तुम्हाला सांगायला नको, एल्डन म्हणाला. जी खोली कुणाला नको ती. त्या रात्री तिच्या वाट्याला व्लास्ता कुबिचेक बाई आल्या. छाती भरलेली, श्वास मोजका. सकाळ निघेल की नाही, सांगता येत नव्हतं. या बाईंनी सगळी हयात शाळेची बस चालवली होती. एल्डनची दोन्ही पोरं त्यांच्याच बसने शिकली.

“तू लांबून येतेस का ग गाडीने?” बाईंनी मास्क बाजूला करून विचारलं.

“रूळ ओलांडून पलीकडे.”

“तिथे फाटक नाही. मी काय करायचे माहितीय? बस थांबवायची. दार उघडायचं. पोरांना चिडीचूप बसवायचं आणि ऐकायचं. आगगाडी असो नसो. कायदाच आहे, पण मी कायद्यासाठी नाही केलं.” त्या दमल्या, थांबल्या. “आणि शेवटचं पोर घरात शिरल्याशिवाय बस हलवायची नाही. आया शिव्या द्यायच्या उशीर होतो म्हणून.”

“मास्क लावा बघू. बोलू नका.”

“आता नाही बोलायचं तर कधी?”

मध्यरात्र उलटली तशी बाईंची नाडी ढासळायला लागली. ओडेटने पायाकडच्या चादरीचं टोक उचललं आणि गुपचूप त्याला गाठ मारली. दोन वेढ्यांची, घट्ट.

इथे मारिसोलने मध्येच तोंड घातलं. “आम्हीही मारतो. पेशंट आपल्या ड्यूटीत जाऊ नये म्हणून.”

“आणि ड्यूटी सुटताना काय करायचं?” एल्डनने विचारलं.

“सोडायची. आठवणीने. नाहीतर जीव अडकून राहतो.”

“मी नाही मानत असलं,” ट्रॅव्हिस म्हणाला.

“पण मारतोस की नाही?”

ट्रॅव्हिसने शेगडीत आणखी एक लाकूड सारलं.

तर ओडेटने गाठ मारली, आणि वर बघते तो बाई डोळे उघडून बघताहेत.

“काय ग ते?”

खोटं बोलायलाही ताकद लागते. ओडेटने खरं सांगून टाकलं.

“म्हणजे ही गाठ माझ्यासाठी की तुझ्यासाठी?”

“माझ्यासाठी, बाई. आज तुम्ही गेलात तर मला पेलवणार नाही.”

बाई हसल्या. त्या हसण्याने त्यांना खोकला आला. मग बऱ्याच वेळाने, डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, “आणि तुझी गाठ कोण मारतं?”

“कोणी नाही. मी फिरती नर्स.”



सकाळी ड्यूटी सुटायच्या वेळेलाच शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्याने सलाईन उपसून काढलं. रक्त, आरडाओरडा, दिवसपाळीच्या नर्सला घाईघाईत सगळं सांगणं. त्यात एजन्सीचा फोन. आजची रात्रही घेशील ना? ओडेट हो म्हणाली. कोट घातला आणि गाडीत बसली.

सकाळ म्हणायची, पण बाहेर मिट्ट काळोख होता. जानेवारीतली सकाळ. वारा आडवा. बर्फाच्या बारीक रेघा दिव्यांसमोरून सरपटत होत्या, आणि त्यांच्याकडे बघताना डोळे जड होतात. ओडेटने काच खाली केली. गाल बधिर झाला, झोप नाही गेली. तिने गाणं म्हटलं. दुसरी ओळ आठवेना.

मग अचानक आठवली ती गाठ.

सोडलीच नव्हती.

फोन बघितला. त्या टापूत फोन लागत नाही. परत फिरावं? फिरलं पाहिजे, ती स्वतःला म्हणाली... आणि गाडी सरळच जात राहिली. परत फिरायला चाक वळवावं लागतं. तेवढंही तिच्यात उरलं नव्हतं.

तेवढ्यात गाडीत टिंग वाजलं.

टिंग... टिंग... टिंग...

शेजारच्या सीटवर माणूस बसला आणि त्याने पट्टा लावला नाही की वाजतं ते. ओडेटने वळून पाहिलं. सीट रिकामी. बॅग मागे होती. सीटवर काही म्हणजे काही नव्हतं.

टिंग... टिंग...

भ्यायला हवं होतं. पण भिण्यालाही अंगात जोर लागतो. ओडेटने एका हाताने शेजारचा पट्टा ओढला, रिकाम्या सीटवरून आडवा घेतला आणि खटका लावला.

आवाज थांबला.

“सॉरी, बाई,” ती म्हणाली. का म्हणाली, तिला माहीत नाही.

पुढे रस्ता सरळ. वारा. रेघा. गाडीतल्या हीटरची ऊब. मान एकदा पडली. सावरली. पुन्हा पडली...

मग थंडी.

एकदम, कानशिलात मारावी तशी. ओडेटने डोळे उघडले. शेजारचं दार उघडं होतं. सताड. बर्फ आत येत होता. पाय आपोआप ब्रेकवर गेला, गाडी घसरली, तिरकी झाली, थांबली.

इंजिन बंद पडलं.

सगळं गप्प.

कुणीतरी सगळ्यांना चिडीचूप बसवावं, तसं गप्प.

आणि मग तिला ऐकू आलं...

कोळशाची मालगाडी. भोंगा वाऱ्याने उलटीकडे नेला होता. इंजिनाचा दिवा गाडीच्या नाकासमोरून गेला. इतक्या जवळून, की काच थरथरली. मग डबे. डबे. डबे. संपेचनात.

ते गेले तेव्हा पूर्वेला करडं झालं होतं. ओडेट दार लावायला वाकली. पट्टा रिकाम्या सीटवर तसाच लावलेला होता.

ताणलेला.

त्या सकाळी जिन्यातला दिवा मालवला गेला तो एल्डनने पाहिला. हुश्श म्हणून तो कॉफी ओतायला वळला, तोच वरून हाक आली. हाक कसली, नुसता आवाज. तो वर गेला. ओडेट कोट न काढता खोलीच्या मधोमध उभी. हातात फोन, पलीकडे दिवसपाळीची नर्स बोलत होती, आणि खोली इतकी शांत की एल्डनला शब्द न् शब्द ऐकू आला.

“गाठ तशीच ठेवून गेलीस ग. तू पार्किंगमधून निघालीस आणि माझं लक्ष गेलं. मी सोडली. सोडली आणि बाई गेल्या. काही त्रास नाही झाला. ओडेट? ऐकतेस ना?”

ओडेट ऐकत नव्हती. ती पलंगाकडे बोट दाखवत होती.

“एल्डन... वर कोण आलं होतं?”

“कोण येणार? किल्ली तुझ्याकडे.”

पायाकडे, गादीखालून ओढून काढलेलं चादरीचं टोक. त्याला गाठ. दोन वेढ्यांची. घट्ट.

एल्डन थांबला. किटली कधीची उकळत होती, कुणी उठलं नाही.

“मग?” मारिसोलने विचारलं.

“मग काय. एजन्सीला तिने माझ्यासमोर फोन केला. नाही म्हणाली. एकच शब्द, पण चांगला ठसठशीत. काळं प्लास्टिक लावलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत झोपली. करार संपला तेव्हा निरोप घेताना ती चादर माझ्याकडे दिली. म्हणाली, गावोगाव नेताना सुटेल, तुम्ही सांभाळा.”

त्याने काउंटरखालून पत्र्याचा डबा काढला. झाकण उघडलं. फुलाफुलांची साधी चादर, घडी केलेली. टोक वर.

“नुसती गाठ तर आहे,” ट्रॅव्हिस म्हणाला. हसायचा प्रयत्न करत त्याने हात पुढे केला.

“ओडेट सध्या वायोमिंगला आहे,” एल्डन म्हणाला. आवाज चढवला नाही. “आज तिची रात्रपाळी. पहाटे गाडी चालवत घरी जाईल.”

ट्रॅव्हिसचा हात डब्यावर तसाच राहिला.

त्याच्या खिशात फोन वाजायला लागला. एजन्सीचाच असणार, एवढ्या रात्री दुसरं कोण करतं. तो वाजत राहिला. ट्रॅव्हिस गाठीकडे बघत राहिला. मग त्याने हात मागे घेतला, फोन काढला आणि न उचलता बंद केला.

एल्डनने झाकण लावलं, हळूच.