लालासाहेबांच्या गाडीचा टप

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर इथंच थांबा, मला वाद घालायचा नाही. निजाम माझा सख्खा मावसभाऊ आहे.

पाटणजवळ त्याचं गॅरेज. फेब्रुवारीतला शुक्रवार, दुपारचे तीन. जुम्म्याची नमाज पढून निजाम आला, तर दारात क्रेननं आणून टाकलेली चेपलेली गाडी...

लालासाहेबांची.

दोन महिन्यांपूर्वी ती कोयनानगरच्या घाटात उलटली होती. लालासाहेबांचा जीव आतच गेला होता. आता गाडीशेजारी त्यांचा मुलगा जयराज उभा होता.

"मिस्त्री, आबांची गाडी हाय. भंगारात न्हाई द्यायची. टप कापा, नवा बसवा."

निजामचं डोकंच फिरलं. तालुक्यात दुसरी गॅरेजं काय मेली होती? पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. एका ट्रकवाल्यानं कळवल्यावर अपघाताच्या जागी पहिला पोचला होता तो निजामच. 'मी पोचलो तवा आबा गेलं व्हतं,' असं त्यानंच साऱ्यांना सांगितलं होतं.

त्यानं तणतणत बॅटरीवरचा ग्राइंडर उचलला. कापायची पातळ डिस्क लावली. पत्र्याला टेकवली...

बंद.

बॅटरी बदलली. डिस्क गरगर फिरली. पत्र्याजवळ नेली...

बंद.

"हवेत तर चालतोय की," जयराज म्हणाला.

"गप बसा वो तुमी."

तिसऱ्यांदा तेच. निजामनं ग्राइंडर जमिनीवर आपटला.

आणि टपाच्या आतून आवाज आला.

टक... टक... टक...

दोघांनी वाकून पाहिलं. गाडीत कुणी नव्हतं.

"आबा जेवायला बसलं की भाकरीसाठी हाक मारायचं न्हाईत," जयराज हळू म्हणाला. "अंगठीनं ताट वाजवायचं. आसंच."

"उन्हानं पत्रा वाजतोय," निजाम खेकसला. त्यानं हॅक्सॉ, लोखंड कापायची करवत, घेतली आणि टपाचे खांब हातानं कापायला लागला.

आता काहीच अडलं नाही. आवाजही थांबला. वेल्डिंगचे टिपके छिन्नीनं सोडवून दोघांनी टप उचलला आणि उताणा ठेवला.

आतलं कापड फाटलं होतं. उघड्या पत्र्यावर वीतभर जागेत रंग उडाला होता. तिथं बारीक बारीक पोचे होते, एकाला एक लागून.

जयराजनं त्यावरून बोट फिरवलं.

"जागीच गेलेला मानूस इतकं वाजवतोय व्हय, मिस्त्री?"

"धावून गेलो तर माझ्यावरच आळ घेता?" निजाम ओरडला. ओरडता ओरडता तो मटकन खाली बसला.

मग खरं बाहेर पडलं. नव्या ग्राइंडरच्या तोऱ्यात त्या दिवशी त्यानं हॅक्सॉ आणि छिन्नी गॅरेजातच ठेवली होती. घाटात पोचला तर लालासाहेब आत जिवंत अडकलेले आणि पेट्रोल गळत होतं. ग्राइंडरची एक ठिणगी उडाली असती तर दोघंही जळाले असते. हॅक्सॉ आणायला तो मागं फिरला. परत आला तेव्हा लालासाहेब गप्प झाले होते.

"तुमी माघारी फिरताना काय म्हनलं आबा?"

"म्हनलं... लवकर ये रं."

"आन् तुमी?"

"आत्ता आलो, म्हनलो."

जयराजनं दोन ठेवून दिल्या असत्या तरी निजामला बरं वाटलं असतं. पण जयराज एवढंच म्हणाला, "गाडी मी नेतो. टप तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

चार दिवसांनी निजामच्या बायकोनं, सलिमानं, भंगारवाला बोलावला. त्यानं टप डोक्यावर घेतला, चार पावलं चालला... आणि कान देऊन थांबला. टप हळूच खाली ठेवला. त्याचा चेहरा उतरला होता.

"भाभी, आदी आतल्या मान्साला भाईर काढा."

एकच पत्रा हो तो. उघडा, उताणा पडलेला. त्याला आत कुठून येणार?