चावी ज्याची त्याच्या खिशात

जान्हवीने ज्याचा दंड गच्च धरला होता, तो माणूस तिच्या ओळखीचाच नव्हता. काचेपलीकडच्या भल्यामोठ्या दालनात ‘तडाड्’ करून वीज कोसळली, डोळ्यांपुढे निळंपांढरं झालं आणि हाताला जे लागलं ते तिने पकडलं. डोळे उघडल्यावर कळलं, हा खांब नाही... खांब हसत नाहीत.

“काच जाड आहे, मॅडम,” तो हळूच म्हणाला. “माझा हात मात्र तेवढा जाड नाही.”

“सॉरी! मी... मला जरा...”

“भीती वाटली.”

“नाही हो. दचकले.”

“बरं. दचकलात.” त्याने मान्य केलं, पण ओठांच्या कोपऱ्यातलं हसू काही लपवलं नाही.

विज्ञान शिकवणाऱ्या बाईने विजेला घाबरावं हे जरा अतीच. पण आमची जान्हवी पडली भित्री भागूबाई, त्याला कोण काय करणार? मुलुंडच्या तिच्या शाळेत दोन सेलवर बल्ब पेटवून दाखवायचा, तरी तारा जोडायला ती शिपाई धाकूमामांना हाक मारायची. उपनगरांतल्या विज्ञान शिक्षकांसाठी मरोळच्या विद्युत चाचणी केंद्राची सहल ठरली, तेव्हा पोटदुखीचं कारण तिने तयार ठेवलं होतं. मुख्याध्यापकांना ते सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून आली बिचारी.

त्या दंडाचा मालक म्हणजे शौनक, केंद्रातला इंजिनिअर. शिक्षकांना सगळं दाखवायचं काम आज त्याच्याकडे होतं. बोलायला मिश्कील, पण दालनाच्या दाराशी येताच त्याचा चेहरा बदलला. तिथे भिंतीवर एक बोर्ड होता आणि त्यावर चाव्या लटकत होत्या.

“आत जाताना प्रत्येकाने एक चावी काढून स्वतःच्या खिशात ठेवायची. बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने परत अडकवायची. बोर्डावर एक जरी चावी कमी असली तरी मशीन सुरू होत नाही. म्हणून कुणी कुणाची चावी घ्यायची नाही. चावी म्हणजे तुमचा जीव आहे, असं समजा.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलांना सूचना देऊन देऊन शिक्षकांना त्या ऐकायची सवय राहत नाही, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार!

आत गेल्यावर उंचच उंच मनोऱ्यासारख्या यंत्रांमधून फिरताना जान्हवी त्याच्या अगदी जवळून चालत होती. भीतीने. निदान सुरुवातीला तरी भीतीनेच.

“तुम्हाला नाही हो भीती वाटत इथे?”

“वाटते ना. रोज वाटते. म्हणून तर अजून धडधाकट आहे.”

इतक्यात ज्येष्ठ शिक्षिका प्रेमाबाईंच्या हातातून चावी दुसऱ्यांदा खाली पडली आणि जान्हवीतली वर्गशिक्षिका जागी झाली. सहलीला मुलांची तिकिटं, रुमाल, तुटलेली कानातली, सगळं हिच्याच पर्समध्ये जमा व्हायचं. “द्या बरं सगळ्यांनी इकडे. माझ्याकडे राहू देत, हरवाल.” सगळ्यांनी हुश्श करत चाव्या तिच्या हवाली केल्या.

शौनकने ते पाहिलं. तिथल्या तिथे ओरडायला हवं होतं त्याने. पण सकाळपासून त्याचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं.

“माझीपण ठेवा मग, बाई. वर्गातला सगळ्यात वांड मुलगा मीच आहे.”

“वांड मुलांना मी बाकावर उभं करते हं...”

“चालेल की! बाक तुमच्यासमोरचा हवा.”

त्याची चावी हातात घेताना बोटांना बोटं लागली. तिने पटकन पर्स बंद केली आणि मग उगाचच बराच वेळ छताकडे बघत राहिली.

बाहेर आल्यावर तिने एकेक करत सगळ्या चाव्या बोर्डावर अडकवल्या. बोर्ड भरला. शिस्तीचे पक्के असलेल्या देवेश सरांनी मागून दार ओढून बाहेरून कडी लावली. मंडळी काचेमागे जमली, नियंत्रणाच्या टेबलाशी बसलेल्या दशरथने भरलेल्या बोर्डाकडे नजर टाकली आणि इशाऱ्याचा भोंगा सुरू झाला.

सवयीने जान्हवीने माणसं मोजली. सगळे शिक्षक होते. आता डोळे मिटायचे नाहीत, असं तिने ठरवलं होतं. ‘बघा, या वेळी नाही दचकले,’ असं एकाला ऐकवायचं होतं ना! तिने त्याला शोधलं. पुढे नव्हता. मागे नव्हता. दशरथजवळही नव्हता.

“प्रेमाबाई... शौनक सर कुठे गेले?”

“अगं, माझा चष्मा आत कठड्यावर राहिला. तो आणायला मागे फिरला. आला असेल की.”

तो आला नव्हता. त्याची चावी तिने स्वतःच्या हाताने बोर्डावर लावली होती.

‘थांबवा!’ ती ओरडली... पण नुसतेच ओठ हलले. भोंगा वाजतोय, दशरथ चकती फिरवतोय, विजेचा दाब दाखवणारा काटा हळूहळू वर चढतोय. शेजारीच यंत्र बंद करायचं मोठं लाल बटण. ‘मी सांगितल्याशिवाय याला कुणी हात लावायचा नाही,’ असं शौनकने सकाळी बजावलं होतं. आणि तो सांगणार कसा? तो आत होता!

जान्हवी धावली. दोन्ही हातांनी तिने ते बटण दाबलं आणि दाबूनच धरलं.

काटा धपकन खाली आला. भोंगा बंद पडला.

“मॅडम, काय करताय?” दशरथ ओरडला.

“आत... आत माणूस आहे.”

दार उघडलं तेव्हा शौनक भिंतीला चिकटून उभा होता. चेहरा पांढराफटक, मुठीत प्रेमाबाईंचा चष्मा. दशरथ खुर्चीतच डोकं धरून बसला. जान्हवीला मात्र रडूच फुटलं, चारचौघांत, हुंदके देऊन.

मग शौनक आपणहून केंद्राचे प्रमुख श्यामसुंदर सरांकडे गेला. नियम मोडून चावी आपण दिली, हे त्याने काहीही न लपवता सांगितलं. मागोमाग जान्हवीही आत शिरली. “चूक माझी आहे सर, चाव्या मी गोळा केल्या.” सरांनी दोघांनाही फैलावर घेतलं. शौनकची चौकशी होणार होती, आणि तोवर दालनात त्याला पाऊल टाकायचं नव्हतं.

अंगणात चहाचे कप निवत होते. शिक्षक बसमध्ये बसलेही होते.

“इतकी वर्षं नियम पाळला,” शौनक म्हणाला. “आज एका हसण्यावर विसरलो. मला माझीच भीती वाटतेय, जान्हवी.”

“मला पण. दोन मिनिटं वाटलं की मी तुला... की तू आता...” तुम्हीचं तू कधी झालं, ते तिलाही कळलं नाही. “मी माणसं मोजली होती रे. बरोबर भरली होती. तू त्यात नव्हतासच.”

“मग थांबवलंस कसं?”

“तुला शोधत होते.” तिने खाली पाहिलं. “असंच. बघायला.”

बसने हॉर्न दिला. प्रेमाबाई खिडकीतून हाका मारू लागल्या.

“आता भीती गेली?” त्याने विचारलं.

“छे! वाढली. आता रोज वाटणार. आवडतोस तू मला, आणि काम तुझं हे असलं! मी काय करू?” ती एका दमात बोलून गेली. “चौकशी संपली की परत त्या दालनात जाशील ना?”

“जाईन. चावी माझ्याच खिशात ठेवून.”

“मग घरी पोचलास की फोन करायचा. आजपासून. रोज.”

“रोज?”

“रोज. नाही केलास तर...” तिने नंबर सांगितला आणि बसकडे पळाली.

साकीनाक्याला बस वाहतुकीत अडकली, पण तिला पत्ता नव्हता. घरी आल्यावरही ती फोन हातात धरूनच बसली. दिवेलागण झाली. कुकरची शिट्टी झाली तरी दचकली. फोन काही येईना. मनात नाही नाही ते यायला लागलं.

मग वाजला.

“पोचलो,” शौनक म्हणाला.

“पोचलास? इतका उशीर?”

“सरांनी थांबवलं होतं. घाबरलीस?”

“हो,” ती म्हणाली. या वेळी ‘दचकले’ म्हणायचं तिला सुचलंही नाही. “खूप.”

स्वयंपाकघरातून हात पुसत आई बाहेर आली. “कोण पोचलो गो?”

आईपुढे दूध उतू गेल्याचंही जिला सांगवत नसे, त्या जान्हवीने फोन कानाला तसाच ठेवला आणि शेजारची खुर्ची ओढली.

“शौनक. बस इथे आई, सांगते.”