बत्तिसावी पायरी

श्रावणातल्या सोमवारी गुरुसिद्धप्पा भर दुपारीच कापडाचं दुकान बंद करायचा आणि राणीसावरगावच्या मठाकडं चालू लागायचा. लढाईमुळं दुकानात कापड असं नव्हतंच, त्यामुळं गिऱ्हाइकांचं काही अडत नसे. मठात दहा-अकरा माणसं त्याची वाट बघत बसलेली असायची. जमाव जमवायचा तर पोलिसांच्या अमीनसाहेबाची इजाजत लागे. पण डोळे मिटून गप्प बसणाऱ्यांवर कसला गुन्हा लावावा हे त्यालाही उमजेना, म्हणून त्यानं नाद सोडला होता.

गुरुसिद्धप्पाची पद्धत साधी होती. ज्यानं त्यानं गळ्यातल्या डबीतून आपलं रोजच्या पूजेचं लहानसं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, टक लावून बघायचं आणि डोळे मिटायचे. मग तो सावकाश बोलू लागायचा. बारवेच्या काठावर उभे ऱ्हावा, एक पायरी उतरा, आता आणखी एक. माणसं मनानं खरोखर उतरायची, त्यांच्या अंगावर शहारा आलेला दिसायचा. बत्तिसाव्या पायरीवर तो त्यांना बसवायचा आणि थोड्या वेळानं एकेकाचं नाव घेऊन वर बोलवायचा. तो स्वतः मात्र कधीच उतरला नव्हता. हाका मारायला कुणीतरी काठावर पाहिजेच की.

त्या सोमवारी पहिल्यांदाच गौराबाई आली, नणंदेचा, मल्लम्माचा हात धरून. तिचा नवरा ईश्वरअप्पा उन्हाळ्यात पटकीनं गेला होता. गुरुसिद्धप्पाचा तो लहानपणापासूनचा दोस्त. तिला बघून गुरुसिद्धप्पानं नजर चुकवली. का, ते त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

साथीत नवरा-बायको दोघंही अंथरुणाला खिळली, तेव्हा रोजच्या पूजेत खंड नको म्हणून त्यानं दोघांची लिंगं आपल्या घरी नेली होती. त्यातच ईश्वरअप्पा गेला. लिंगायतांत रीत अशी, की मेलेल्याला समाधीत मांडी घालून बसवायचं आणि जन्मभर अंगावर वागवलेलं लिंग त्याच्या तळहातावर ठेवून माती लोटायची. घाईघाईत ते गुरुसिद्धप्पानंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी राहिलेलं लिंग गौराबाईला द्यायला काढलं, तर काळ्या लेपाचा कडेला मोहरीएवढा टवका उडालेला. ती खूण ईश्वरअप्पाच्या लिंगाची, त्याच्या कायमच्या ओळखीची. जिवंत गौराबाईचं लिंग मातीत गेलं होतं. समाधी उकरायची कशी, आणि सांगायचं कुठल्या तोंडानं? त्यानं ते तसंच तिच्या गळ्यात घातलं आणि गप्प राहिला. आजारपणात हाताची ओळखच गेली बघा, असं ती एकदा म्हणाली होती, तेव्हा त्यानं विषय बदलला. भित्रा माणूस दुसरं काय करणार?

त्या दुपारी तो सगळ्यांना घेऊन बत्तिसाव्या पायरीपर्यंत गेला आणि मग एकेकाला हाका मारू लागला. भीमाशंकर आला, उमादेवी आली, मल्लम्मा आली.

"गौराबाई, वर या."

ती हलली नाही. त्यानं तीनदा हाक मारली. मल्लम्मानं तिचा हात धरला आणि चटकन सोडला, इतका तो गार होता. श्वास मोजण्याइतका मंद चालला होता. मठात ओल्या मातीचा वास सुटला. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत समई मिणमिणू लागली.

गौराबाईचे ओठ हलले. "खाली ते बसलेत... माझं त्यांच्या हातात हाय... सोडंनात..."

गुरुसिद्धप्पा तिच्यासमोर जाऊन बसला. त्यानं तिथंच, सगळ्यांसमोर, आपली चूक सांगितली. मल्लम्मानं भावाच्या आठवणीनं तोंडात पदर कोंबला. मग त्यानं स्वतःचं लिंग तळहातावर घेतलं.

"मल्लम्मा, मी उतरतो. शंभर आकडे म्हणा अन् मला हाक मारा. भिऊ नका."

आयुष्यात पहिल्यांदा तो आपल्याच बारवेत उतरला. इतकी वर्षं दुसऱ्यांना सांगितलेल्या त्या पायऱ्या शेवाळानं बुळबुळीत होत्या. तळाशी गौराबाई गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. समोर मांडी घालून ईश्वरअप्पा, अंगभर विभूती, डाव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. त्याचा चेहरा रागीट नव्हता. वाट बघून थकलेल्या माणसाचा होता, आणि तेच गुरुसिद्धप्पाला सहन होईना.

"चूक माझी हाय, दोस्ता," तो म्हणाला. "काय घ्यायचं ते माझं घे... पण वहिनींना जाऊ दे."

ईश्वरअप्पानं त्याच्याकडं बघितलं. मग हळूच मूठ उघडली.

तेवढ्यात वरून मल्लम्माची हाक आली.

गुरुसिद्धप्पानं डोळे उघडले तेव्हा गौराबाई उठून बसली होती, पाणी मागत होती. तिच्या तळहातावरच्या लिंगाचा लेप अखंड होता आणि त्याला ओली काळी माती चिकटली होती.

"हे माझं हाय," ती म्हणाली. "हाताला ओळख पटली." मल्लम्मा तिच्या गळ्यात पडून रडू लागली. सगळे त्या दोघींभोवती गोळा झाले.

गुरुसिद्धप्पा जागचा उठला नाही. घट्ट मिटलेली मूठ उघडायचं त्याला धाडस होईना. शेवटी त्यानं ती उघडली आणि समईच्या उजेडात धरली. तळहातावरचं लिंग त्याचं स्वतःचं नव्हतं; कडेला मोहरीएवढा टवका उडालेला होता.