लक्ष्मीच्या पाठीमागची पानं

"त्या लक्ष्मीला हात लावू नका, मॅडम."

बेबीनंदाचा आवाज एवढा चढला की भिंतीवरच्या तसबिरीकडं हात नेलेली ताहेरा मॅडम तशीच थबकली, अन् लॅपटॉपला नाक लावून बसलेली नऊ वर्षांची रेणू दचकून आईकडं बघायला लागली.

सकाळपासून सगळं कसं सुरळीत चाललं होतं... औरंगाबादच्या एका कॉलेजातून आलेली ही ताहेरा मॅडम गावोगावची जुनी देवादिकांची छापील चित्रं अन् घरोघरच्या हातानं लिहिलेल्या वह्या-पोथ्या कॅमेऱ्यानं टिपून कॉम्प्युटरात जतन करत होती, अन् आष्टीत आल्या आल्या लोकांनी तिला रामरावांचं घर दाखवलं होतं. रामराव, म्हणजे बेबीनंदाचे सासरे, जाऊन सहा वर्षं झाली होती. पण तरुणपणी हैदराबादेहून आणलेली त्यांची चित्रं अन् बोरूनं उतरवलेली पोथी घरात जशीच्या तशी होती. सहा चित्रं झाली, पोथी झाली. राहिली होती ती एकटी गजलक्ष्मी...

"आज शुक्रवार आहे," बेबीनंदा आवाज सावरत म्हणाली. "शुक्रवारी लक्ष्मी जाग्यावरून हलवत नाहीत."

"अगं बया," खांबाला टेकून बसलेल्या सासूबाई, तुळजाबाई, हसल्या. "तू कवापासून वार पाळून राह्यली? शनवारी न्हाऊ नको म्हणलं तर बीएची डिग्री दाखवली होती मला."

"काकू, काच काढावीच लागती," ताहेरा मॅडम समजुतीनं म्हणाली. "चकाकी येती नं तिच्यावर. धा मिनिटांत बराबर होती तशी टांगून देते. अन् लक्ष्मीच्या पातळावर ह्या टिकल्या, ही जर... एवढी बारीक कारागिरी कुणाची हो?"

तुळजाबाईंचा चेहरा एकदम उजळला. "आमच्या कौसाची. माझ्या शिवाजीच्या पहिल्या बायकोची. काय हात होता पोरीचा... अक्षर तर मोत्यावाणी."

"पूर्ण नाव सांगा, लिहून घेते."

मॅडमची बोटं खटखट चालली, अन् त्या प्रत्येक खटक्यासरशी बेबीनंदाच्या काळजात एक एक टाचणी रुतत गेली. आठ वर्षं या घरात ती राबली होती. पण सासूचा चेहरा असा तिच्या नावानं कधी उजळला नव्हता! अन् आता कॉम्प्युटरातसुद्धा सवतच...

रेणू आठ महिन्यांची असताना बेबीनंदा या घरात आली. बीए झालेली, बीएडला नंबर लागलेली मुलगी. पण बापानं शिवाजीच्या मांडीवरचं ते मरतुकडं लेकरू दाखवलं, अन् तिनं बीएडचं पत्र ट्रंकेच्या तळाशी टाकून दिलं. रात्र रात्र जागून तिनं ते लेकरू जगवलं. आपलं-परकं होईल, रेणूच्या वाट्याच्या मायेत वाटेकरी येईल, म्हणून स्वतःचं दुसरं मूल होऊ दिलं नाही. आणि लग्नाच्या दिवशी तिच्या गळ्यात मंगळसूत्राआधी काय पडलं होतं? मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक. रीतच होती ती. दुसरेपणावर दिलेल्या बाईनं पहिलीला गळ्यात वागवायचं, सणावाराला तिला आधी नैवेद्य दाखवायचा, मग स्वतः घास घ्यायचा. तो इवलासा टाक अंघोळीनंतर छातीला गार लागे... अन् आतला मत्सर मात्र विझता विझत नसे.

लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात रेणूची दुपटी शोधताना पेटीत तिला घडी घातलेली पानं सापडली होती. वर 'श्री', खाली 'माझ्या लेकरासाठी'... ते देखणं अक्षर बघूनच तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, अन् पुढचा शब्दही न वाचता ती उठून चुलीपाशी गेली. पण हात पुढं होईना. वर 'श्री' लिहिलेला कागद जाळायचा कसा? फाडायचा कसा? पायदळी येईल म्हणून टाकायचा तरी कुठं? शेवटी तिनं लक्ष्मीची तसबीर उतरवली, मागचा पुठ्ठा सोडवला, पानं आत सारली अन् खिळे पुन्हा ठोकले.

तेव्हापासून रोज सकाळी ती तसबिरीला हळदकुंकू वाहत आली होती. पुढं लक्ष्मी, मागं सवत...

रेणूला जन्म देणारी देवाघरी गेली, हे रेणूला माहीत होतं. गावाचं तोंड कोण धरणार? पण माहीत असणं वेगळं, अन् तिचे शब्द कानावर पडणं वेगळं. ते शब्द एकदा ऐकले की ही आपली राहणार नाही, या भयानं बेबीनंदा आठ वर्षं तसबिरीवर डोळा ठेवून होती.

"काढा हो मॅडम," तुळजाबाई म्हणाल्या. "कौसाचं काम जगाला दिसू द्या."

पुठ्ठा निघाला. पानं खाली घसरली. बेबीनंदा पुढं होईपर्यंत रेणूनं ती उचलली होती, अन् तिसरीतल्या पोरीला काही वाचायला मिळालं की ती थांबते थोडीच... अक्षरावर बोट ठेवून ती मोठ्यानं वाचू लागली.

"श्री. माझ्या लेकरासाठी. सटवाई माते, आज पाचवी. लेकराचं नशीब लिहायला तुझ्यासाठी ठेवलेला कोरा कागद मीच घेतला, रागावू नको. ताप उतरत न्हाई. माझं काही खरं दिसत न्हाई. हिच्या कपाळी तुला लिहायचं ते लिही, पण एवढं माझं राहू दे..."

"रेणू, दे इकडं ते." बेबीनंदानं हात पुढं केला.

"वाचू दे तिला," सासूबाई एवढंच म्हणाल्या.

"हिला जी सांभाळील तिलाच हिनं आई म्हणावं. माझं नाव हिला सांगायचं का न्हाई, ते तिनं ठरवावं. अन् आत्याबाईंना माझं सांगणं, तिच्या गळ्यात माझा टाक घालू नका. जित्या माणसाच्या गळ्यात मेलेल्याचं ओझं कशाला..."

बेबीनंदा तिथंच खाली बसली. जिला आठ वर्षं वैरीण मानलं, तिनं आपल्यासाठी मरणाच्या दारातून एवढं लिहून ठेवलं होतं... अन् आपणच आपल्या हातानं ते खिळे ठोकून बंद केलं होतं. न वाचता!

तुळजाबाई भिंतीचा आधार घेत उठल्या, सुनेजवळ येऊन बसल्या, अन् त्यांचे हात तिच्या गळ्यातल्या टाकाच्या दोऱ्याकडं गेले. "मी अडाणी बाई... मला ह्यातलं कायबी ठाऊक नव्हतं गं. काढते आता."

बेबीनंदानं ते हात धरले. डोळ्यांतलं पाणी त्या सुरकुतलेल्या बोटांवर टपटपत राहिलं. "राहू द्या, आत्याबाई. आजपर्यंत तुम्ही घातला होता. आजपासून मी घालते."

ताहेरा मॅडमनं हलक्या आवाजात विचारलं, "ही पानं... घ्यायची का, ताई? तुमची मर्जी नसली तर बिलकुल न्हाई घेणार."

"घ्या. लिहिणारीचं नाव लिहा. कौसल्या. रेणूची आई." तो शब्द तोंडातून काढताना तिला वाटलं, आपण स्वतःच्या हातानं काहीतरी तोडून देतोय.

"अन् जपून ठेवणारीचं?"

"जपलं न्हाई मॅडम. मी लपवलं होतं."

"माझ्याकडं 'जपणारी' एवढाच रकाना हाय," ताहेरा म्हणाली. "तुम्ही चुलीत टाकलं असतं तर मी कशाचा फोटो काढणार होते?"

"लिहा," तुळजाबाई म्हणाल्या. "बेबीनंदा."

पानं मॅडमच्या हाती देऊन रेणू तसबिरीजवळ उकिडवी बसली होती, अन् बेबीनंदाची नजर तिच्या पाठमोऱ्या वेण्यांवरून हलत नव्हती. आता ही वळेल... वळून काय म्हणेल? मावशी? काकी? का काहीच नाही?

रेणू वळली. तिच्या बोटाच्या टोकाला एक इवलीशी सोनेरी टिकली चिकटलेली होती.

"आई, लक्ष्मीच्या पदराची एक निसटली बघ," ती म्हणाली. "तू कणकेची खळ कर ना. आपण दोघी चिकटवू."